प्रेस, कॉम्प्युटर आणि मावशीचा हात

उसाचं कांडकं घालून बघायची कल्पना माझी. पुण्याच्या साहेबांनी आणलेल्या फायलीत चाचणीची पानंच्या पानं होती, पण हाताच्या जागी प्रेसमध्ये नेमकं काय घालायचं ते कुठंच नव्हतं. लाकूड घातलं तर डाय, म्हणजे प्रेसचा साचा, खराब होणार आणि अण्णा बोंबलणार. गाजर दुपारपर्यंत मऊ पडतं. सोललेला ऊस बोटाएवढा असतो, आत ओल असते, आणि आमच्या भागात तो मिळवायला फार लांब जावं लागत नाही. साहेबांनी ते कांडकं बघितलं आणि हसले. म्हणाले, "ही तुमची सांगलीची टेस्टिंग मेथड का?" मी म्हटलं, "हो. शिवाय चाचणी झाल्यावर खाताही येते."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत, एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये, अण्णांचा कारखाना होता. अण्णा म्हणजे मालक. घरची द्राक्षं असलेलं जैन कुटुंब. त्यांच्या वडिलांनी शेतीची अवजारं दुरुस्त करता करता एक जुनी प्रेस घेतली आणि मग एकेक करत शेड भरत गेली. पत्र्याची पट्टी प्रेसखाली सरकवायची, वरून ठोका बसतो, खाली वॉशर पडतो. दिवसभर तेच. पंपांचे वॉशर, मोटारींचे वॉशर, कशाकशाचे. मी सांगलीतच इंजिनिअरिंग करून तिथं कॉम्प्युटरचं काम बघायला लागले होते, आणि कोपऱ्यातल्या प्रेसवर माझी सख्खी मावशी होती.

मावशी आईची धाकटी बहीण, माहेर म्हसवडचं. माझे आईवडील तिकडंच राहायचे, त्यामुळं कॉलेजची सगळी वर्षं मी मावशीच्या घरी काढली. तिला मूलबाळ नव्हतं. कुणी विचारलं तर ती माझ्याकडं बोट दाखवायची आणि "ही काय माझी घोडी" म्हणायची. आम्ही बौद्ध, घरात यंत्राबिंत्राची पूजा नाही, पण सकाळी प्रेस सुरू करण्याआधी मावशी ती फडक्यानं अशी पुसायची की जणू शाळेत निघालेल्या पोराचं तोंड पुसतेय. तिचे हात बघत बसावं असे होते. तोंडानं शेजारणीशी भांडण चाललेलं असायचं, नजर तिसरीकडंच, आणि हात मात्र पट्टी सरकव, ठोका, सरकव, ठोका, एका लयीत. त्या हातांची मला भयंकर काळजी वाटायची, कारण मी येण्याच्या आदल्या वर्षी पलीकडच्या प्रेसवरच्या एका गड्याची दोन बोटं गेली होती.

त्या अपघातानंतर अण्णांनी प्रत्येक प्रेसला दोन बटणं बसवली. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच ठोका पडणार, म्हणजे हात आपोआप बाहेर. उत्तम उपाय. पण माणसं कसली बेरकी! कामाचा वेग कमी होतो म्हणून सगळ्यांनी एकेक बटण कायमचं दाबून ठेवायच्या युक्त्या शोधल्या. कुणी काडी खोचली, कुणी रबर गुंडाळलं. मावशीनं जुन्या लुगड्याची चिंधी कोंबली होती. मी ओरडले तर मलाच म्हणाली, "तू नगं शिकवू गं मला. ह्या बटणाच्या नादात माझं मनगाट दुखतंय लय. आन् माझं ध्यान असतंय." ध्यान त्या गड्याचंही असणारच होतं. पण मावशीशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता.

अण्णांच्या जिवाला तो अपघात लागला होता, हे मी त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. काड्या आणि चिंध्या त्यांनाही दिसत होत्या. म्हणून त्यांनी ठरवलं, प्रेसच्या तोंडाशी उजेडाच्या रेघा बसवायच्या. एका बाजूला बारके दिवे, समोर त्यांचा उजेड ओळखणारे डोळे. हात आत गेला की रेघ तुटणार, आणि रेघ तुटली की प्रेस जागच्या जागी थांबणार. मग बटणं काढून टाकता येतील आणि पायाच्या पेडलवर काम करता येईल. मनगटंही वाचतील, बोटंही. तेवढ्यात त्यांना पुण्याचे साहेब भेटले. साहेबांनी मोठमोठ्या कचेऱ्यांचे प्रोग्रॅम केले होते, आणि अण्णांना नाहीतरी माल, साठा, कुठल्या प्रेसवर किती वॉशर निघाले, हे सगळं कॉम्प्युटरवर हवंच होतं. अण्णा म्हणाले, "एकाच कॉम्प्युटरात सगळं बसवूया की. मोजायचं पण त्यानं, थांबवायचं पण त्यानं." साहेब म्हणाले, "का नाही?"

आता त्या साहेबांबद्दल. माणूस वाईट नव्हता, उलट फार हुशार आणि शिकवायला उदार. त्यांनी जी भाषा निवडली होती ती तेव्हा नवीनच आलेली, सगळ्या कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडी असलेली. मोठ्या कंपन्यांनी आपला पसारा ज्याच्यावर उभा करावा असं सगळं तिच्यात तयार मिळायचं. मी कॉलेजात शिकले ती जुनी पद्धत म्हणजे लहानसहान गोष्टही हातानं करायची, मेमरीचा कोपरा मागून घ्यायचा, काम झालं की आठवणीनं परत करायचा, विसरलात की प्रोग्रॅम कोसळलाच. इथं तसली कटकटच नाही. वापरा आणि टाका, केर आम्ही काढतो, असा त्या भाषेचा कारभार. मी तर हरखून गेले. दोन आठवड्यांत मी अशी कामं केली जी आधी मला दोन महिन्यांत जमली नसती. साठ्याचा तक्ता रंगीत दिसायला लागला तेव्हा अण्णांनी शेडमधल्या सगळ्यांना पेढे दिले.

उजेडाच्या रेघेवर नजर ठेवायचा भाग साहेबांनी माझ्याकडं सोपवला, आणि माझ्या डोक्यात भुंगा शिरला. रेघ तुटल्यावर प्रेस पटकन थांबवायची. पण पटकन म्हणजे किती पटकन? साहेबांना विचारलं, ते म्हणाले, "अगं, सेकंदाचा अगदी बारीकसा भाग. माणसाला कळणारही नाही." माणसाला न कळून कसं चालेल, बोटाला कळलं तर? मला लहानपणापासून ही खोड आहे. आई म्हणायची, हिच्या जिभेला 'का' चिकटलेला आहे. मी मावशीच्या प्रेसपाशी जाऊन उभी राहायचे आणि तिचा हात किती वेळात आत जातो, वरचा ठोका किती वेळात खाली येतो, ते बघत बसायचे. मावशी वैतागायची. "माझ्याकडं बगत बसायचा पगार देत्यात व्हय तुला?"

चाचणी रोज सकाळी व्हायची, आणि तिची एक रीतच पडली होती. अण्णा देवदर्शन करून यायचे, मेन चालू करायचे, कॉम्प्युटर सुरू व्हायचा, आणि दिवसाचं पहिलं काम म्हणून मावशीच्या प्रेसवर उसाचं कांडकं. एकानं बटणं दाबायची, दुसऱ्यानं कांडकं आत सारायचं, प्रेस वरच्या वर थांबायची. रोज थांबायची. मग ते कांडकं तोडून आम्ही खायचो. अण्णांना फार बरं वाटायचं. दिवसाची सुरुवात अशी गोड झाली की बाकीचा दिवस नीट जातो, असं त्यांचं म्हणणं. आणि त्या कारखान्याचा आणखी एक पक्का नियम होता, अण्णांच्या वडिलांपासूनचा. चालू यंत्र सोडून भाकरीला बसायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत मेन बंद. एकेका प्रेसचा नाही, अख्ख्या शेडचा, त्यात कॉम्प्युटरही आला. जेवून हात धुतले की पुन्हा मेन, पुन्हा सगळं पहिल्यापासून.

इतका चांगला नियम. आणि त्याच्यामुळंच आम्हाला काही दिसत नव्हतं, पण ते नंतर.

मी एक उद्योग केला होता. माझा प्रोग्रॅम दर वेळी रेघेकडं बघतो तेव्हा एक बारका लाल दिवा उघडझाप करील असं जोडून ठेवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. मला नुसतं बघायचं होतं, हा खरंच बघतोय ना? दिवा इतका भरभर उघडझाप करायचा की तो थरथरतोय असंच वाटायचं. मावशीच्या डोळ्यांसमोरच तो लावला होता. ती म्हणाली, "ह्याला ताप आलाय का गं?"

मग शिरवळच्या एका कारखान्याचं तातडीचं काम आलं. त्यांचा ट्रक दुसऱ्या दिवशी येणार होता आणि माल अर्धाही तयार नव्हता. अण्णांनी मोठ्या जिवावर येऊन वडिलांचा नियम मोडला. आळीपाळीनं जेवा, प्रेस थांबवू नका. बटणं अजून काढलेली नव्हती, त्यामुळं रेघेवर कुणाचं काही अवलंबून नव्हतं, पण कॉम्प्युटर मोजणीसाठी चालूच होता. दुपारी मी मावशीच्या वाटची भाकरी घेऊन तिच्यापाशी गेले आणि तिला भरवत होते, कारण तिचे हात रिकामे नव्हते. माझी नजर दिव्यावर होती. आणि दिवा अडखळला.

अगदी क्षणभर. थरथर थांबली आणि परत सुरू झाली. मला वाटलं माझ्याच पापण्या मिटल्या असतील. मी घास हातात धरून तशीच उभी. मावशी तोंड उघडून वाट बघतेय. "अगं दे की! का दाखवून खाती?" मी म्हटलं, "थांब गं." आणि थोड्या वेळानं पुन्हा! थरथर, थरथर, मग एकदम गप्प, मग पुन्हा थरथर. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. भीती नंतर वाटली. आधी नुसता आनंद, आपल्याला काहीतरी सापडल्याचा.

साहेबांना पुण्याला फोन लावला. ते अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे. मेमरी भरली की सिस्टिम केर काढते. तेवढ्यापुरतं बाकी सगळं थांबतं. हे तर त्या भाषेचं वैशिष्ट्य आहे." म्हणजे वापरा आणि टाका, केर आम्ही काढतो, हे जे मला इतकं आवडलं होतं ना, त्याचीच ही दुसरी बाजू. मला आमच्या घरची सकाळ आठवली. मावशी केर काढायला लागली की घरातला माणूस जिथं असेल तिथं खिळायचा. पाय वर घ्या, हलू नका, चहा नंतर मिळेल. घराला आग लागली असती तरी तिनं आधी कोपरा पुरा केला असता. कॉम्प्युटरही तसाच केर काढत होता, आणि तेवढ्या वेळात रेघेकडं बघणारं कुणीच नव्हतं. रोज सकाळी मेन चालू केल्या केल्या आम्ही चाचणी घ्यायचो, तेव्हा घर स्वच्छच असायचं. दुपारी भरत आलं की जेवणाची सुट्टी आणि पुन्हा कोरी पाटी. महिनाभर आम्ही फक्त आंघोळ करून आलेल्या कॉम्प्युटरची परीक्षा घेत होतो.

पुढचे काही दिवस मला दुसरं सुचलंच नाही. जिथं तिथं मी उशीर मोजायला लागले. म्हसवडची एसटी अर्धा तास उशिरा आली तरी ती एसटीच असते, आपण शिव्या घालतो आणि चढतो. साठ्याचा तक्ता जरा थांबून उघडला तर अण्णा तेवढ्यात मिशी कुरवाळून घेतात, बिघडत काही नाही. पण शेजारच्या तालमीतली पोरं कुस्तीला उतरायची, तिथं प्रतिडाव जरा मागं पडला की पाठ मातीला लागलीच. बरोबर डाव होता, फक्त उशिरा टाकला, असं म्हणून कुणी फेटा बांधत नाही. दोन्ही कामं चांगलीच, पण दोन जातीची. कचेरीचं काम बरोबर उत्तर मागतं, प्रेसचं काम वेळेवर उत्तर मागतं. ती भाषा पहिल्या कामासाठी घडवलेली होती, आणि आम्ही तिला दुसऱ्याला जुंपली होती. हे कळल्यावर मला इतकं मोकळं वाटलं की मी रस्त्यात एकटीच हसले.

पण कळणं आणि पटवणं यात फरक असतो. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, मेमरी मुद्दाम पटापट भरणारा, आणि कारखान्यातल्या फिटरला बरोबर घेऊन चाचणी लावली. कांडकं आत, प्रेस थांबली. पुन्हा आत, थांबली. फिटर म्हणाला, "ताई, चांगलं हाय की हे. उगा काय शंका काढताय?" आणि पुढच्या खेपेला खाडकन ठोका बसला. कांडकं दोन तुकडे. डायवरून रस ओघळला. फिटर दोन पावलं मागं सरला आणि त्यानं आपलेच हात काखेत घातले. ऊस होता, पण मला तो ऊस दिसला नाही.

साहेब दुसऱ्या दिवशी स्वतः आले. माझं सगळं ऐकून घेतलं, शाबासकीही दिली. दुपारपर्यंत बसून त्यांनी कॉम्प्युटरला आणखी मेमरी घातली, कसल्या कसल्या चाव्या फिरवल्या. म्हणाले, "आता केर काढायची वेळ क्वचितच येईल. दिवसातून एखाददुसऱ्या वेळी. आणि नेमका त्याच क्षणी हात आत असणं, जवळजवळ अशक्य. सरासरी काढलीस तर तुझा प्रोग्रॅम डोळ्याच्या पापणीपेक्षा जलद आहे." मी म्हटलं, "साहेब, बोटं सरासरीनं तुटत नाहीत." ते हसले. अण्णा हसले नाहीत, पण त्यांना साहेबांचं ऐकायचं होतं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. इतके महिने वाट बघितलेली गोष्ट जमत आलेली असताना, एका पोरीच्या सांगण्यावरून ती मोडायची? शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. मावशीच्या प्रेसची बटणं काढायची, पेडल लावायचं, एक दिवस चालवून बघायचं. तोवर हात घालायचा नाही, पट्टी चिमट्यानंच सरकवायची. संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत जैन रीतीनं अण्णांचं जेवण व्हायचं, त्याआधी काय तो निर्णय. हो ठरलं तर चिमटा बाजूला, सगळ्या प्रेसवर तसंच.

त्या दिवशी मेन सकाळपासून बंद केला नव्हता. जेवणातही नाही. मी दिव्यासमोर स्टूल टाकून बसले होते. सकाळ गेली, दुपार गेली, दिवा एकदाही अडखळला नाही. साहेब खूष. आणि मला त्या खुषीचीच भीती वाटायला लागली होती. घर मोठं केलं की केर कमी वेळा काढावा लागतो, पण काढायला बसलं की वेळ जास्त जातो. आधीचं अडखळणं क्षणभराचं होतं. आता साठत साठत आलेला केर केवढा असेल, कुणाला ठाऊक! हे मी साहेबांना सांगायला गेले आणि माझा आवाज चढला. त्यांचाही चढला. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, प्रेसच्या आवाजावर ओरडून. ते म्हणाले, "तुला स्वतःच्याच कामावर भरवसा नाही, हा तुझा प्रॉब्लेम आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मावशीला बाकी काही कळलं नव्हतं. तिला एवढंच दिसलं, पुण्याचा माणूस तिच्या पोरीला सगळ्यांसमोर बोलतोय, आणि भरवसा नाही म्हणतोय. तिनं चिमटा खाली ठेवला.

"आवं साहेब," ती म्हणाली, "माज्या पोरीचं काम हाय ते. भरवसा न्हाई म्हंजी? हे बगा." आणि पेडलवर पाय देऊन तिनं उजवा हात प्रेसखाली घातला.

मी ओरडले की नाही आठवत नाही. मला हाताकडं बघवलं नाही, मी दिव्याकडं बघितलं. दिवा थरथरत होता. वरचं धूड खाली यायला निघालं आणि तिच्या हाताच्या वर वीतभर अंतरावर थांबलं. शेडमधल्या सगळ्या प्रेस एकेक करून गप्प झाल्या, कारण सगळ्यांनी काम सोडून इकडं बघितलं होतं. मावशीनं हात बाहेर काढला, पाची बोटं साहेबांच्या नाकासमोर नाचवली. "थांबली का न्हाई? आता बोला!"

ती हसत होती आणि तिच्या खांद्यावरून मला दिसलं, दिवा थांबला. उजेड धरून तो नुसता तसाच राहिला. मावशी बोलतच होती, माझ्या लहानपणापासूनची हुशारी साहेबांना सांगत होती, पहिलीतला नंबर, रेडिओ खोलून परत जोडला ते, आणि दिवा अजून तसाच. मी त्याच्याकडं बोट केलं. साहेबांनी बघितलं. अण्णांनी बघितलं. मग थरथर पुन्हा सुरू झाली. साहेबांच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. ते उठले, शेडच्या टोकापर्यंत चालत गेले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मेन पाडला.

अण्णा मालाच्या खोक्यावर बसले. पाणी मागितलं. फिटरला म्हणाले, "बटणं बसव परत. आत्ता बसव."

आणि मी मावशीवर तुटून पडले. तिला मी आयुष्यात कधी टाकून बोलले नव्हते असं नाही, पण त्या दिवशी जे बोलले ते कुणी आईला बोलणार नाही. अक्कल गहाण टाकली होतीस का, मरायचं होतं का, तुला चिमटा कशाला दिला होता! ती आधी गोंधळली, मग तिचे डोळे भरले. "तूच केलंयस न्हवं ते?" ती म्हणाली. "मग कशाला भ्यायचं मी?" मी तिचा तो हात दोन्ही हातांत धरला आणि सगळ्यांसमोर भोकाड पसरलं.

पुढचं सरळ आहे. साहेबांनीच सांगितलं, थांबवायचं काम कॉम्प्युटरकडून काढून घ्यायचं. उजेडाची रेघ तुटली की थेट तारेतून प्रेस बंद, मधे भाषा नाही, प्रोग्रॅम नाही, केर नाही. कॉम्प्युटरनं फक्त मोजायचं, आणि ते काम त्यानं पुढं वर्षानुवर्षं फार छान केलं. त्या भाषेचं मला आजही कौतुक आहे. साहेबांनी मला नंतर पुण्याला कामाला बोलावलं, मी गेलेही, आणि माझी सगळी नोकरी पुढं याच प्रश्नावर गेली, कुठलं काम उशीर चालवून घेतं आणि कुठलं नाही. लोक मला विचारायचे, इतकी संशयी का गं तू? मी हसून सोडून द्यायचे.

तारेचं काम पुरं झालं त्या दिवशी मी मावशीला घेऊन प्रेसपाशी गेले. सगळं समजावून सांगितलं, हे असं, ते तसं, आता उशीर होऊच शकत नाही. चाचणी झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तिच्या तोंडावर समाधान बघायचं होतं. ती मात्र त्या तारांकडं तिऱ्हाइतासारखी बघत उभी राहिली.

"ह्यात तुजं काय हाय?" तिनं विचारलं.

"माझं काही नाही," मी म्हटलं. "नुसती तार आहे. म्हणून तर पक्कं आहे."

"मग मी न्हाई बाई हात घालायची ह्यात," मावशी म्हणाली, आणि तिनं चिमटा उचलला.